गाडीवरचे मंचुरियन, घरच्या कढईत

घरी केलेले व्हेज मंचुरियन ‘गाडीसारखे’ लागत नाही, ही तक्रार आता शहरांपुरती राहिलेली नाही. अकोल्यासारख्या तालुक्याच्या गावीही संध्याकाळ झाली की चायनीजच्या गाडीवरची भट्टी पेटते, तापल्या तेलात पडलेल्या लसणाचा वास रस्त्यावर येतो आणि क्लासवरून सुटलेल्या मुलांपासून साखर कारखान्यावरून परतणाऱ्या कामगारांपर्यंत सगळे हाफ प्लेटसाठी ताटकळतात. मग कधीतरी घरात ठरते की हे आपणच करू. तेल आपले, कोबी आपला, रंग अजिबात नको. घरची बाई तासभर खपते आणि पहिला गोळा तोंडात घालून मुलगा निकाल देतो, ‘छान झालंय, पण गाडीवरच्यासारखं नाही.’

या ‘पण’मध्ये नेमके काय दडले आहे, त्याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. गाडीच्या चवीमागे पाणी, आच, आळण आणि अजिनोमोटो अशा काही ठोस गोष्टी आहेत. त्यांपैकी बहुतेक घरी आणता येतात. आणि ज्याला पुष्कळ लोक या पदार्थाचे रहस्य समजतात, ज्याच्यापायी गोव्यात या पदार्थावर बंदीची वेळ आली, त्या लालभडक रंगाचा चवीशी काडीचा संबंध नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा कडाक्याच्या थंडीचा प्रदेश. तिथल्या कोणत्याही गावात आपण ज्याला मंचुरियन म्हणतो तो पदार्थ मागितला तर कोणाला कळणार नाही. हा पदार्थ मुंबईचा आहे. नेल्सन वांग हे कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी सत्तरच्या दशकात मुंबईत आले आणि चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात काम करू लागले. त्यांनीच पुढे सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे १९७५ साली एका गिऱ्हाइकाने ‘यादीत नसलेले काहीतरी नवे’ मागितले. वांग यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची अशी अस्सल देशी फोडणी केली. पण तिच्यात गरम मसाला न घालता सोया सॉस ओतला आणि मक्याच्या पिठाने रस दाट केला. त्यात कोंबडीचे तळलेले तुकडे सोडले. हेच पहिले चिकन मंचुरियन. पुढे वांग यांनी केम्प्स कॉर्नरला ‘चायना गार्डन’ हे नावाजलेले हॉटेल काढले. त्यांचा पदार्थ मात्र केव्हाच त्यांच्या हातून सुटून रस्त्यावर आला होता.

शाकाहारी गिऱ्हाइकासाठी कोंबडीच्या जागी दक्षिणेत आणि गोव्यात फ्लॉवरचे तुरे आले आणि महाराष्ट्रात मुख्यतः किसलेल्या कोबीचे गोळे. म्हणजे कोफ्ता तळायचा, आपल्या वाटणातली त्रयी फोडणीला घालायची आणि चिनी रस करायचा. योगायोग असा की कोबी आणि सोयाबीन ही दोन्ही खऱ्या मांचुरियाची ओळख आहेत. तिथे हिवाळ्यासाठी कोबी आंबवून ठेवतात, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगाला सोयाबीन पुरवणारा मोठा मुलूख तोच होता. नाव चुकीचे पडले आणि तरी थोडेसे बरोबर निघाले.

वांग ज्या समाजातून आले त्याबद्दल साखरेच्या जिल्ह्यातल्या वाचकाला एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टोंग अच्यू नावाचा चिनी व्यापारी कोलकात्याजवळ उतरला आणि वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून त्याने तिथे ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही अच्छीपूर म्हणतात. त्याच्या मागून आलेल्या चिन्यांपैकी हक्का लोक कातडी कमावण्याच्या धंद्यात शिरले, टांग्रा भागात वसले, आणि त्यांच्याच स्वयंपाकघरांतून आपले ‘इंडियन चायनीज’ निघाले. ‘हक्का नूडल्स’मधला हक्का तो हा. १९६२ च्या युद्धात याच समाजातल्या सुमारे तीन हजार माणसांना, बायकामुलांसकट, राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत नेऊन ठेवले होते. काहींची सुटका व्हायला वर्षे लागली आणि पुष्कळ कुटुंबे नंतर देश सोडून गेली. ज्यांचा संशय घेतला त्यांचीच चव पुढच्या वीस वर्षांत आपण गल्लोगल्ली स्वीकारली. गाडीवर उभे राहून खाताना हे कोणाच्या मनात येत नाही, येण्याचे कारणही नाही. पण दिवाळी अंकाच्या वाचकाला ते ठाऊक असावे.

आता कढईकडे येऊ. घरी बिघडण्याची सुरुवात कोबीपासून होते. कोबीत वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी असते. बारीक चिरलेल्या कोबीला मीठ लावले की हे पाणी सुटू लागते. मिश्रण सैल झाले की आपण मैदा घालतो, दहा मिनिटांनी ते पुन्हा सैल होते, पुन्हा मैदा. शेवटी तळतो ती कोबीचा नुसता वास असलेली मैद्याची गोळी. ती बाहेरून कडक, आतून चिकट आणि कच्चट लागते. उपाय सोपा आहे. मीठ आधीच लावायचे, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे आणि कोबी दोन्ही हातांनी घट्ट पिळायचा. निघालेले पाणी फेकू नये. त्यात कोबीची गोडी आणि मीठ दोन्ही असते. ते रसात वापरावे. पिठे मात्र कढईतले तेल तापल्यावरच मिसळावीत. मिश्रण करून ठेवणे आणि मग फोन घेणे हा गोळे फुटण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती गाडी लागण्यापूर्वीच झालेली असते. गाडीवरचे गोळे आपल्यासमोर पहिल्यांदा तळले जात नाहीत. ते दुपारीच तळून ठेवलेले असतात. तळलेल्या गोळ्याच्या आतली वाफ हळूहळू बाहेर पडते, कवच घट्ट होते. संध्याकाळी मागणी आली की तेच गोळे पुन्हा कडक तेलात सोडतात, तेव्हा पृष्ठभागावर आलेले पाणी उडून जाते. अशा दोनदा तळलेल्या गोळ्याला रसात घातल्यावरही काही मिनिटे दम राहतो. घरी आपण कढईतून काढलेला, आत वाफ कोंडलेला गोळा थेट रसात टाकतो आणि पाच मिनिटांत त्याचा लगदा होतो. गोळे तासभर आधी, थोडे फिकटच तळून जाळीवर ठेवावेत (ताटलीत किंवा कागदावर नव्हे, खाली घाम सुटतो) आणि वाढण्यापूर्वी मोठ्या आचेवर मिनिटभर पुन्हा तळावेत. या एका बदलाने निम्मी तक्रार मिटते असा माझा अनुभव आहे.

तेलाबद्दल एक अप्रिय पण खरी गोष्ट. अगदी ताज्या तेलात पदार्थ चांगला तांबूस होत नाही. एक-दोनदा वापरलेल्या तेलात रंग आणि खमंगपणा अधिक येतो. गाडीच्या चवीत या जुन्या तेलाचा वाटा आहेच. मात्र तेच तेल दिवसेंदिवस उकळत राहिले की त्यात घातक द्रव्ये साठतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे ती त्यासाठीच. घरी आदल्या दिवशी पुऱ्या तळलेले, गाळून ठेवलेले तेल मंचुरियनसाठी वापरावे आणि मग त्याला निरोप द्यावा.

तिसरी गोष्ट आच, आणि इथे गाडी आपल्या पुढेच राहणार. गाडीवरची भट्टी मोठ्या दाबाच्या गॅसवर चालते. तिची उष्णता घरच्या शेगडीच्या कित्येक पट असते. याचे महत्त्व समजायला शाळेतले विज्ञान पुरते. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी लागतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० लागतात. ढोबळी मिरची आणि कांदा कढईत पडला की पाणी सोडतो. भट्टीवर ते पाणी सुटताक्षणी उडते, भाजीला धुरकट खरपूसपणा येतो आणि ती कचकचीत राहते. घरच्या आचेला तेवढी वाफ करणे जमत नाही, कढई थंड पडते, आणि भाजी परतली न जाता शिजते. चारजणांची भाजी एकदम टाकली की हे हमखास होते.

म्हणून घरी दोनच प्लेटपुरते एका वेळी करावे. नॉनस्टिक तवा किंवा पॅन नको. ते इतके तापवायचे नसतात. भाकरीच्या तव्याशेजारी जी जुनी लोखंडी कढई पडून असते ती घ्यावी, रिकामी ठेवून हलका धूर निघेपर्यंत तापवावी, मगच तेल घालावे. काही उत्साही लोक घरातल्या सिलिंडरला गाडीचे रेग्युलेटर लावण्याचा विचार करतात. तो कृपया करू नये. घरची नळी आणि शेगडी त्या दाबासाठी बनवलेली नसते, आणि मंचुरियन ही जीव धोक्यात घालण्याची वस्तू नाही.

चौथी गोष्ट रसाची. कॉर्नफ्लोअर हा शब्द ऐकून ज्यांना परके वाटते त्यांनी आपल्या पातळ भाजीला लावतात ते आळण आठवावे. तत्त्व तेच. फरक असा की बेसनाचे आळण रस गढूळ करते, तर मक्याचा स्टार्च जवळजवळ पारदर्शक होतो. म्हणून तो रस चकाकतो आणि गोळ्याला काचेसारखा चिकटतो. स्टार्चचे कण साधारण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात, पण त्यांचा पिठूळपणा जायला रसाला उकळी यावी लागते. थंड पाण्यात कालवूनच घालावे, कारण गरम रसात कोरडे पीठ पडले की बाहेरचा थर फुगून आत कोरडी गुठळी अडकते. उकळी आल्यावर मिनिटभरच ढवळावे. फार वेळ उकळले, घोटले की फुगलेले कण फुटतात आणि दाट झालेला रस पुन्हा पातळ होतो. आंबट पदार्थही स्टार्चची ताकद तोडतो. व्हिनेगर सुरुवातीलाच घातले आणि रस उकळत ठेवला तर तो पाणचट का झाला हे कळत नाही, आणि व्हिनेगरचा वासही तोवर उडून गेलेला असतो. ते गॅस बंद केल्यावर घालावे.

आता अजिनोमोटो. हे खरे तर एका जपानी कंपनीचे नाव आहे. १९०८ मध्ये टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्रशेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळे केले; गोड, आंबट, खारट, कडू यांत न बसणाऱ्या त्या चवीला त्यांनी ‘उमामी’ म्हटले, आणि १९०९ पासून ते पांढरे स्फटिक बाजारात आले. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडते, असे कळवले. कारण म्हणून त्यांनी सोया सॉस, दारू, मीठ आणि अजिनोमोटो अशा साऱ्यांवर शंका घेतली होती. डोक्यात राहिला तो एकटा अजिनोमोटो. पुढच्या चाचण्यांत नेहमीच्या अन्नातल्या प्रमाणात त्याचा असा अपाय खात्रीने दिसला नाही, आणि अन्न व आरोग्य क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९८७ मध्ये त्याच्यावर रोजची कमाल मर्यादाही घातली नाही. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि आईच्या दुधातही असते. आपल्याकडे ते वर्षाच्या आतील बाळांच्या अन्नात वापरायचे नाही, आणि पाकिटावर तसे लिहावे लागते.

चारजणांच्या मंचुरियनला पाव चमचा अजिनोमोटो पुरतो आणि तेवढ्याने बिघडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना नको असेल त्यांनी दोन लाल टोमॅटो किसून तेलात पूर्ण आटवावेत, किंवा मूठभर मशरूम बारीक चिरून परतावे. चव तंतोतंत तीच येणार नाही, जवळ येईल. खरी काळजी करायची असेल तर ती मिठाची करावी. पंधरा मिलिलिटर, म्हणजे मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे. घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल आणि आपण अजिनोमोटो टाळून सोया सॉस सढळ हाताने ओतत असू, तर हिशेब उलटा झाला. अजिनोमोटोत सोडियम मिठाच्या साधारण तिसरा हिस्सा असते.

राहिला रंग. २०२२ मध्ये वास्कोच्या श्री दामोदर सप्ताहात गोबी मंचुरियनच्या दुकानांवर निर्बंध घालावेत असे गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या पालिकेला सांगितले. २०२४ च्या सुरुवातीला बोडगेश्वराच्या जत्रेच्या निमित्ताने म्हापसा पालिकेने शहरात या पदार्थावरच बंदीचा निर्णय घेतला. कारणे दोन: कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकाने वेगळा मार्ग धरला. तिथे तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी शंभराहून अधिक नमुन्यांत टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन असे रंग सापडले. सरकारने पदार्थ चालू ठेवला आणि त्यातल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली. मला कर्नाटकाचा निर्णय अधिक शहाणपणाचा वाटतो. जत्रेत गाडी लावणाऱ्याचे पोट त्या गाडीवर असते. दोष रंगाच्या पुडीत आहे, कोबीत नाही. शिवाय ती पुडी गाडीवाल्याने हौसेने घेतलेली नसते. फिकट प्लेट पाहून गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाते, हे त्याला ठाऊक असते.

हे रंग मिठाई, सरबते अशा ठराविक पदार्थांतच, तेही ठरलेल्या प्रमाणात, चालतात. मंचुरियन त्यात नाही. ओळखायचे कसे? मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. कृत्रिम रंग बहुधा पाण्यात विरघळणारे असतात. गोळ्याचा तुकडा पेलाभर पाण्यात टाकला आणि क्षणात केशरी-लाल धारा खाली उतरू लागल्या, तर ती पुडी आहे. सोया सॉसमुळे पाणी थोडे तपकिरी होईल, तो रंग वेगळा कळतो. बोटांवरून साबणानेही सहज न जाणारा लाल डाग हीदेखील खूणच.

घरी लाल हवे तर चार-पाच ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवाव्यात, गंधासारख्या वाटाव्यात आणि लसूण परतल्यावर तेलातच घालाव्यात. रंग तेलात सुटतो, तिखटपणा बेताचा राहतो. बीट घालू नये. उकळीत त्याचा रंग फिका पडतो आणि मातकट गोडी मागे राहते.

आता चारजणांचे प्रमाण सलग सांगतो. ३०० ग्रॅम कोबी अगदी बारीक चिरून आणि एक गाजर किसून पाऊण चमचा मीठ लावावे, पंधरा मिनिटांनी पिळून पाणी बाजूला ठेवावे. त्यात चमचाभर आले-मिरचीचा ठेचा, थोडी मिरपूड, दोन मोठे चमचे मैदा, दोन मोठे चमचे तांदळाची पिठी आणि तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. पिठी ही मूळ कृतीत नाही. पण राजूर-भंडारदऱ्याच्या पट्ट्यात घरोघरी भात पिकतो, पिठी घरात असतेच, आणि तिने कवच जास्त कुरकुरीत होते. सगळीच पिठी घातली तर मात्र गोळा बांधला जात नाही, म्हणून थोडा मैदा हवा. मिश्रण मुठीत दाबून गोळा टिकला की थांबावे. लिंबाच्या निम्म्याहून मोठे गोळे करू नयेत. तेलात टाकलेला कण दोन-तीन सेकंदांत वर आला की तेल तयार समजावे. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे तळावेत.

रसासाठी कढई धुरावून दोन मोठे चमचे तेल, त्यात बारा-पंधरा पाकळ्या बारीक चिरलेला लसूण, त्याच्या निम्मे आले, तीन मिरच्या. लसूण वाटू नये, चिरावा. वाटलेला लसूण तळाला लागून कडवट होतो. मिरचीचे वाटण, मग पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि एक ढोबळी मिरची, मोठ्या आचेवर मिनिटभर. दीड मोठा चमचा सोया सॉस कढईच्या कडेने सोडावा, तापल्या लोखंडाला लागून तो जरा करपतो आणि तोच वास आपल्याला हवा असतो. चमचाभर टोमॅटो सॉस, अर्धा चमचा साखर, हवा असल्यास अजिनोमोटो, आणि कोबीचे पाणी धरून दीड कप पाणी. उकळीवर पाव कप थंड पाण्यात कालवलेले दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, मिनिटभर ढवळणे, गॅस बंद, दोन लहान चमचे व्हिनेगर. मीठ याच वेळी चाखून घालावे. बहुधा लागत नाही. दोन वेळा करायचे असेल तर सगळे निम्मे घ्यावे. ड्राय हवे असेल तर पाणी अर्धा कप आणि कॉर्नफ्लोअर लहान चमचाभर.

दुसऱ्यांदा तळलेले गोळे या रसात घालायचे ते ताटल्या मांडून झाल्यावर. वरून पातीचा हिरवा भाग. रस उरला तर फ्रिजमध्ये थिजून खाली पाणी सोडतो. थोडे पाणी घालून गरम केला की पुष्कळसा सावरतो. उरलेले गोळे वेगळ्या डब्यात ठेवावेत. आणि घरी न करता गाडीवरूनच पार्सल आणायचे ठरले, तरी गोळे आणि ग्रेव्ही वेगळी मागावी. गाडीवाला नाही म्हणत नाही. फक्त ग्रेव्ही गरम असताना पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू देऊ नये. घरून स्टीलचा डबा न्यावा.